बाजूच्या तोंडाची भट्टी

आप्पाराव पेढेवाल्यानं खव्याचा तुकडा नाकाशी नेला, हुंगला अन् ताटात परत टाकला.

"धुराचा वास न्हाई ह्याला. गिऱ्हाईक म्हणंल, पावडरचा हाय."

नव्या भट्टीवर तो खवा आटवणाऱ्या कौशल्याचा चेहरा उतरला.

मांजरसुंब्याच्या रस्त्याला बायांच्या दूध संस्थेनं खव्याच्या दोन भट्ट्या शेजारी शेजारी घातल्या होत्या. दोन्ही चालवून बघायच्या, सरस ठरेल ती ठेवायची, दुसरी पाडायची. जुन्या पद्धतीच्या भट्टीत जाळ थेट कढईखाली. दूध झटक्यात आटे, पण धूर कढईवरून लोळत बाईच्या डोळ्यांत शिरे. नवीचं तोंड बाजूला. जाळ तिकडं, आच आडवी कढईखालून जाई अन् धूर मागच्या धुराड्यातनं वर. वेळ जास्त लागे, लाकूड मात्र निम्मं. दुष्काळात वेडी बाभूळसुद्धा दोन कोसांवरून डोक्यावर आणावी लागत होती.

पण कौशल्याला लाकडाचं एवढं नव्हतं. तिची सात महिन्यांची लेक शेजारीच झोळीत असे. जुन्या भट्टीपाशी दिवस काढला की पोर रात्रभर खोके. नव्या भट्टीपाशी चार दिवस ती गाढ झोपली होती.

"मी म्हनलंच हुतं," तिची सासू दगडाबाई म्हणाली. "ही भट्टी म्हंजी नवऱ्याकडं पाठ करून बसलेली बाई. जाळ एकीकडं, कढई एकीकडं!"

बाया हसल्या. कौशल्या हसली नाही. जुन्या पद्धतीच्या भट्टीवर दगडाबाईचा तीस वर्षांचा हात होता.

आप्पाराव उठला. "उद्या एकडाव बघतो. असाच निघाला तर जुन्या भट्टीचाच खवा घेईन."

दुसऱ्या दिवशी कौशल्या पहाटेपासून उलथनं फिरवत होती. मनगटं भरून आली. मध्येच तिनं ओलं लाकूड घालून पाहिलं. तोही धूर निमूट धुराड्यातनं निघून गेला. खव्याचा गोळा उतरला तसा तिकडं आप्पाराव आला अन् इकडं पोर रडायला लागली.

"आण, मी निववून नेते," दगडाबाई म्हणाली. "तू लेकराला घे."

नव्या भट्टीचा गोळा, अन् तो आत्याबाईंच्या हातात? पण पोर ऐकेना. तिनं गोळा दिला अन् पाठ वळवून पोरीला पाजायला बसली. तिकडं बघायचं बळ तिच्यात नव्हतं.

थोड्या वेळानं आप्पारावाचा आवाज आला. "ह्याला म्हणत्यात खवा! कोणत्या भट्टीचा?"

"बाजूच्या तोंडाच्या," दगडाबाई म्हणाली.

संस्थेच्या प्रमुख वच्छलाबाईंनी तिथल्या तिथं जुनी भट्टी पाडायला सांगितली.

सगळे पांगल्यावर कौशल्यानं दगडाबाईनं खवा गुंडाळून नेलेला धडपा धुवायला उचलला. सासूच्या रोजच्या लुगड्याचा फाडलेला पदर होता तो. बाभळीच्या धुरानं उग्र वास मारत होता. गरम गोळ्यानं तो वास आत ओढून घेतला होता.

"आत्याबाई... अन् उद्या?"

दगडाबाईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तिनं झोळीची दोरी धरून ठेवली.

"उद्या दुसरं लुगडं फाडू. माज्याकडं तीस वर्सांचा धूर हाय. पोरीच्या वाट्याला यायच्या आदी खपवून टाकू."