ड्राइव्हवेत ट्रक नको

मुलीच्या, कादंबरीच्या, पत्रात एकच प्रश्न होता. ‘फोनवर तुम्ही ओरडता, म्हणून लिहितेय. बाबा, माझ्या ट्रकचा तुम्हाला एवढा राग का?’ त्याला आठ महिने झाले. रवींद्ररावांनी उत्तराचे सात कागद लिहून फाडले होते.

शनिवारी ती आईला, नंदाताईंना, न्यायला आली आणि ट्रक थेट ड्राइव्हवेत घातला. पंचावन्न सालचा, हिरवा पिकअप, दारांवर रंगाचे पोपडे. गॅरेजसमोर रवींद्रराव त्यांची सदुसष्ट सालची लाल स्पोर्ट्स कार पुसत होते. ते ताडकन उठले.

“हे धूड बाहेर काढ. दुसऱ्या कंपनीची गाडी या घरात येत नाही.”

मोटार कारखान्यांवर जगणाऱ्या नोव्हाय गावात बऱ्याच घरांत असंच असतं. ज्या कंपनीनं पोसलं, तिचीच गाडी दारात. त्यांच्या कारखान्यातही कामगारांना परक्या गाड्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये लावाव्या लागत.

“बाबा, हा डेल अंकलकडून घेतलेला ट्रक आहे. तुमच्याच कारखान्यातल्या मित्राचा!”

“कुणाचा आहे ते मला ठाऊक आहे!”

“शेजारी बघतायत,” नंदाताई दारातून म्हणाल्या. “आत येऊन भांडा.”

कादंबरी हलली नाही. “तुमची गाडी वर्षाला चाळीस माइल जाते. तीसुद्धा ऊन असेल तर.”

“ती निघाली की लोक थांबून बघतात.”

“माझा ट्रक लोक हात करून थांबवतात. कुणाचा सोफा, कुणाचा फ्रिज. तुमच्या गाडीत काय मावतं? तुम्ही आणि तुमचा तोरा!”

“तोरा नाही, स्वाभिमान! नोकरी सोडली त्या महिन्यात घेतली ती.”

“मग ज्या कंपनीला स्वतः लाथ मारलीत, तिच्यासाठी मला का हाकलता?” तिचा आवाज चिरकला. “‘राजीनामा बॉसच्या टेबलावर फेकला, मान वर करून बाहेर आलो.’ दहा वर्षं ऐकतेय! गेल्या वर्षी माझ्या बॉसनं रिपोर्टमधले आकडे बदलायला सांगितले, तेव्हा मला तेच आठवलं. मीही फेकला राजीनामा. म्हटलं, बाबांची मुलगी आहे मी. आता ट्रकवर पोट भरते, तर तुम्हाला लाज वाटते?”

रवींद्ररावांनी हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. मग ते किंचाळले, “काढ म्हटलं ना!”

तिनं ट्रक मागे घेतला. “आता मी परत येणार नाही,” ती खिडकीतून म्हणाली. नंदाताई तिच्या शेजारी चढून बसल्या. जाताना दोघींनीही वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी रवींद्ररावांनी आठवा कागद लिहिला. अक्षर रागानं वेडंवाकडं आलं होतं. हा राग कुणावरचा, ते त्यांना आता कळत होतं. पाकीट दारातल्या टपालपेटीत ठेवलं तर आपणच परत काढून घेऊ, अशी भीती त्यांना वाटली. म्हणून सोमवारी पोस्टाची गाडी येईपर्यंत ते फुटपाथवर उभे राहिले आणि पाकीट पोस्टवालीच्या हातात दिलं.

आत एवढंच होतं: ‘मला काढलं होतं. कंपनीची गाडीही त्यांनी ठेवून घेतली. खोका उचलून मी मागच्या लॉटपर्यंत चालत गेलो. डेलनं मला याच ट्रकमधून घरी आणलं. तुझ्या आईला दिसू नये म्हणून मी कोपऱ्यावरच उतरलो. या घरात राजीनामा दिला आहे तो फक्त तू.’