धुतलेला खडक

बाबांनी बादली खडकावर उपडी केली आणि खराट्यानं घासायला घेतलं. घासता घासता ते गुणगुणत होते. चोरी करताना माणसानं निदान गप्प तरी राहावं, असं त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या लेकीला वाटलं.

"अंघोळ घालताय का त्याला?" तिनं विचारलं.

खराटा थांबला. नदीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडण्यात आणि लावण्यात बाबांचा जन्म गेला होता, पण पकडलं गेल्यावर चेहरा कसा ठेवायचा ते काही त्यांना साधलं नव्हतं. "शेवाळ," ते म्हणाले. पुढचे दोन दात पडल्यापासून त्यांचा 'श' निम्मा हवेतच जायचा. "पाय घसरतो."

लेक खाली वाकली. खडकाच्या खाचेत माशांचे बारीक खवले चमकत होते. खेकड्याच्या कवचाचा एक तुकडा होता. आणि तो ओळखीचा उग्र वास, पाण्यानं जाता जात नाही असा. लहानपणी याच खडकावर बसवून बाबांनी तिला शिकवलं होतं, पाणमांजर बघायचं तर आधी त्याची विष्ठा शोधावी. ते आपल्या ठरलेल्या खडकावर येऊन जातंच. मग ओल्या चिखलात पाच बोटांचा ठसा बघावा. मग पाण्यावर सरकत जाणारी बुडबुड्यांची रेघ. उन्हाळ्यात नदी आटली की त्यांचं सगळं कुटुंब खालच्या डोहात मुक्कामाला जातं, आणि पाणी चढलं की पिल्लांना घेऊन वर बंधाऱ्यापाशी येतं.

तिनं काठाकडे पाहिलं. चिखलही खराट्यानं फिरवून सारखा केला होता.

म्हणजे पाणमांजरं आली होती. आणि बाबा रोज उजाडायच्या आत उठून ती न आल्यासारखं करत होते.

सगळं घोडं या पाणमांजरांपाशीच अडलं होतं. आई गेल्यापासून बाबा बंधाऱ्याजवळच्या खोलीत एकटेच राहत. लेक त्यांना शहरातल्या आपल्या घरी कायमचं न्यायला आली, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "पाणमांजरं वर येऊ देत. एकदा डोळे भरून बघतो, मग निघू." तिकडे जावयानं त्यांच्यासाठी खोलीला रंगसुद्धा दिला. रोज सकाळी तो फोनवर विचारायचा, "आले का पाहुणे?" लेक बाबांशेजारी खडकावर बसून पाण्याकडे बघायची आणि नाही म्हणून सांगायची. औषधांच्या दुकानातली तिची रजा रबरासारखी ताणत चालली होती.

"मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही तर डोळे उघडे ठेवून खडक धुताय. यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं, बाबा. मी काय तुम्हाला पोत्यात घालून नेणार होते?" थट्टा करता करता तिचा आवाज चिरकला.

बाबांनी खराटा बाजूला ठेवला. "माझ्या खाटेखाली बघून ये. मग भांड."

ती तरातरा खोलीत गेली. खाटेखाली बॅग होती. आत शर्टांच्या नीट घड्या, वर स्वेटर, आणि टॉवेलात गुंडाळलेला आईचा चष्मा. बॅगेवर बोटानं रेघ ओढता येईल एवढी धूळ बसली होती. ती आली, त्याच दिवशी भरून ठेवलेली असणार.

गेली होती त्याहून बऱ्याच सावकाश ती परत आली.

"मग खडक का धुता?"

बाबांनी शेजारची ओली जागा उपरण्यानं पुसली. "तिकडे आलो की तू सकाळी डबा उचलून पळणार. संध्याकाळी येणार ती दमून. 'जेवलात का बाबा', संपलं आपलं बोलणं. इथं रोज सकाळी माझ्याजवळ बसतेस. आईची नक्कल करून दाखवतेस. पाणमांजरं दिसली की उठशील. म्हटलं, नाही दिसली चार दिवस, तर कोणाचं काय अडलंय?"

लेक पुसलेल्या जागेवर बसली.

समोरच्या पाण्यात बुडबुड्यांची एक रेघ सरळ त्यांच्याकडे आली. मग एक चपटं डोकं वर निघालं, मागून दुसरं, आणि मग पिल्लांची नुसती झुंबड. मोठ्याच्या तोंडात मासा तडफडत होता. पिल्लांनी त्याच्यामागे बारीक शिट्ट्यांचा गलका केला. बाबा श्वास रोखून बघत होते. लेकही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आले का पाहुणे?" जावयानं विचारलं.

लेकीनं पाण्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. "अजून पत्ता नाही," ती म्हणाली.

"मग ती शिट्टी कसली ऐकू येतेय?"

"बाबा वाजवतायत."

"बरं," जावई म्हणाला, आणि तो हसू दाबत होता हे लपत नव्हतं. "अजून एकदा वाजवायला सांग त्यांना."

बाबांनी ओठांचा चंबू केला, गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकलं. दातांच्या खिंडीतून नुसती हवा गेली, आणि शिट्टी वाजली ती पाण्यातून.