लुगड्याचा बोळा

लष्कराच्या सरावात भागवतनं बर्फ कोरून दोघांपुरता निवारा केला. शिकवणाऱ्या उस्तादांनी छताला काठीनं भोक पाडायला लावलं. तिथून वारा शिरताच त्यानं आईनं दिलेला जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि बोळा करून भोकात कोंबला. लहानपणी ऊसतोडीच्या फडावर, वाळल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, आई त्याच्या उशाशी असंच एकेक भोक बुजवायची. उस्तादांनी बोळा उपसून त्याच्या हातात दिला. "सकाळी इथून दोन मुडदे काढले असते. श्वास कुठून घेणार होतास?" भागवतनं बोळा खिशात ठेवला. आईचंही चुकलं नव्हतं. पाचटातून तरीही हवा यायची, बर्फातून येत नाही. रविवारी तो निवाऱ्यात असतानाच गावाहून, नांदूरघाटहून, आईचा फोन आला. "बर्फाच्या घरात लई गारठा आसंल रं. भोकं बुजवलीस ना नीट?" "बुजवली की, आई," म्हणत भागवतनं काठी उचलली आणि छताच्या भोकात साचलेला बर्फ काढून टाकला.