लांब बाह्यांचे शर्ट

मामा भाचीच्या चित्रपटाचं पेपरातलं परीक्षण घरभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचत होता. "ड्रग्जच्या धंद्यात भरडलेल्या पाच घरांची गोष्ट दिग्दर्शिकेने ताकदीने गुंफली आहे..."

"मामा, चहा निवतोय. बाकीचं नंतर वाच," शर्वाणी घाईने म्हणाली. पुढचा परिच्छेद तिने सकाळीच मोबाइलवर वाचला होता, आणि आई समोरच मेथी निवडत बसली होती. दादा काविळीने गेला, असं आईने सख्ख्या भावालाही सांगितलं होतं. खरं कारण त्या दोघींनाच माहीत होतं.

"थांब गं, तुझंच कौतुक आहे," म्हणत मामा वाचत राहिला. "फक्त एक गोष्ट पटत नाही. सुईच्या खुणा लपवायला मुलगा ऐन मे महिन्यात घरातही लांब बाह्यांचे शर्ट घालतो, आणि आईला संशयसुद्धा येत नाही? हे साफ खोटं वाटतं."

शर्वाणीला मान वर करवेना.

"खोटंच आहे ते," आई मेथीची जुडी बाजूला सारत म्हणाली. "मला दिसत होतं रे. त्याच्या बाह्यांची तुटलेली बटणं मीच शिवून द्यायचे."