पांढरी पट्टी

पट्टी पुन्हा पांढरीच निघाली.

आजोबांनी ती उन्हात धरली, चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली. पट्ट्यांच्या डबीवर रंगांचे चौकोन छापलेले होते. पाण्यात क्लोरीन असेल तर पट्टी गुलाबी होणार, जास्त असेल तर गडद. पांढरी म्हणजे काहीच नाही. म्हणजे पावडर टाकायची राहिलीच होती. पण मग पावडर कालवायची बादली ओली कशी? आता हौदाशेजारची बादली ओली असायचीच म्हणा. आजोबांनी तो विचार बाजूला ठेवला.

पोहायचा हौद कालच उभा राहिला होता. मागच्या अंगणात वाळू पसरून, ती सपाट करून, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर मुलाने जाड निळं प्लॅस्टिक ताणलं आणि रात्रभर पाणी सोडून ठेवलं. पाण्यात औषध टाकायचं काम त्याने वडिलांवर सोपवलं. सुनेच्या ते फारसं मनात नव्हतं. "हौदाच्या दुकानातला माणूस येतो म्हणतोय ना," ती म्हणाली. मुलगा हसला. "औषधाचं माप बाबांच्या हातून कधी चुकलंय?" दोघंही सकाळी कामाला निघून गेली. आजोबांचं उभं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलेलं. पाण्यात पावडर टाकायला त्यांना डोकं ते किती लागणार? पण आज लागत होतं, हीच पंचाईत होती.

"आजोबा, झालं का?" स्वयंपाकघराच्या दारातून नातीने विचारलं. बबडीने सकाळपासून डोळ्यांवरचा पोहण्याचा गॉगल उतरवला नव्हता. दूधही तिने तो लावूनच प्यायलं होतं.

"होतंय, होतंय."

"मघाशीपण तुम्ही हेच म्हणालात."

मघाशी ती आली होती? आजोबांना आठवेना. ते हसले, कारण हसलं की पोरं जास्त विचारत नाहीत. मग त्यांनी डब्यातून एक माप पावडर काढली, मापाच्या कडेवर बोट फिरवून ती सपाट केली, बादलीत कालवली आणि हौदात ओतली. पंप घुं-घुं करत पाणी फिरवत होता. थोडं थांबून त्यांनी नवी पट्टी बुडवली, झटकली, पाहिली.

पांढरी.

पावडर शिळी असेल. पट्ट्या दमट असतील. की आताही आपण माप भरलं ते फक्त मनातल्या मनात? आत जाऊन बायकोला विचारावं तर हात दाखवून अवलक्षण. मागच्या आठवड्यात गॅसवर दूध ठेवून ते फिरायला गेले होते. तेव्हापासून बबडीला शाळेतून मीच आणत जाईन, असं सून म्हणत होती आणि मुलगा 'बघू' म्हणून वेळ मारून नेत होता. बबडीचं दप्तर खांद्याला अडकवून, तिची बडबड ऐकत घरी यायचं, एवढंच काम आता त्यांच्याकडे उरलं होतं. ते गेलं तर दिवसाचं करायचं काय, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

त्यांचे डोळे चुरचुरत होते. ते पुसून त्यांनी आणखी एक पट्टी बुडवली. या वेळी ती लगेच बाहेर न काढता पाण्यातच धरून तिच्याकडे बघत राहिले.

पट्टी गर्द जांभळी झाली आणि बघता बघता पांढरी पडली.

आजोबा हौदाच्या कडेला धरून उभे राहिले. पट्टीला रंग येत होता. पाणीच तो खाऊन टाकत होतं, इतकी पावडर त्यात पडली होती. किती, ते काही केल्या आठवेना.

बाजूला हौदाची शिडी करकरली. बबडी वरच्या पायरीवर पोचली होती आणि एक पाय पाण्याच्या दिशेने सोडत होती.

"खाली उतर."

आजोबा तिच्यावर आजवर कधी ओरडले नव्हते. तिला काखेत धरून त्यांनी खाली ठेवलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. आवाज ऐकून आजी पदराला हात पुसत बाहेर आली.

"मी यात किती मापं टाकली गं?" आजोबांनी विचारलं.

"चार झाली असतील. मी ओट्यापाशी होते, खिडकीतून दिसत होतं."

"एकच टाकायचं होतं. बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तेवढीच लागतात." आजी गोंधळली. "तुम्ही टाकताय म्हटल्यावर मी कशाला विचारू?"

या उत्तराने एरवी त्यांची छाती फुगली असती. आज त्यांना ते ऐकवेना.

ते बबडीसमोर वाकले आणि तिचा गॉगल कपाळावर सरकवला. "आज पोहायचं नाही. आजोबा पावडर टाकत गेले आणि टाकली ते विसरत गेले."

"मग उद्या?"

"उद्या तुझा बाबा पाणी बदलेल, मग पोहायचं. आणि सोमवारपासून शाळेतून आणायला तुझी आई येईल."

"अहो, हे काय मधेच?" आजी म्हणाली. "शाळेचा इथे काय संबंध?"

बबडी विचारात पडली होती.

"तुम्ही शाळेचा रस्तापण विसरलात?"

"अजून नाही," आजोबा म्हणाले.