चिडचिडीचा रकाना

पाळी जातानाचे त्रास रोज वेळेसकट वहीत लिहायचे आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलायची, असं डॉक्टरबाईंनी तिला बजावलं होतं. चार महिन्यांनी त्यांनी वही उघडली.

"गरम वाफा बंद, झोप सात तास, गुडघे गप्प. वा! चिडचिड तेवढी हटत नाहीये. रोज संध्याकाळी साडेसहाला?"

"हो ना!" शेजारी बसलेला नवरा म्हणाला. "मी ऑफिसातून येऊन बूट काढतो न काढतो, तोच हिचं सुरू. वयच तसं आहे हिचं."

"आणि हे मधले आठ दिवस कोरे कसे?"

"तेव्हा हे टूरवर होते," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी वही मिटली, नवा केसपेपर पुढे ओढला आणि नवऱ्याला विचारलं,

"तुमचं वय?"