डायनॅमोची वायर

ट्रॅक्टरचं इंजिन खोकलं, गचके खात दुसऱ्यांदा बंद पडलं. पट्टा थांबला. पट्ट्यावर फिरणारा पंप थांबला. पाइपाच्या तोंडातून शेवटची धार पडली आणि विहिरीतला पाण्याचा आवाज तेवढा उरला.

"पाणी कमरंच्या वर आलं, भावजी!" काठावर ओणवी होऊन पुष्पावती ओरडली.

खाली तिचा नवरा होता, भीमा. गाळात रुतलेली विजेची मोटर मोकळी करायला तो सकाळी उतरला होता. कडेचा दगड निखळला आणि त्याच्या पायावर बसला. शेजारचा करण पहार घेऊन खाली गेला होता. पण दगड पाण्याखाली, पहार लावायची कुठं तेच दिसत नव्हतं. वीज संध्याकाळशिवाय येणार नव्हती. विहीर प्रवरेच्या काठची, झरे जोराचे. उपसा करायला उरला होता तो फक्त बापाच्या वेळचा जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर.

तो चालवायचा तो भीमाच्या थोरल्या भावानं, सूर्यभाननं. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू द्यायचा नाही तो.

"जेटात कचरा अडकला असंल," सूर्यभान म्हणाला आणि कार्बोरेटरखाली गुडघे टेकून बसला. पाना दोनदा निसटला. बोटाची साल निघाली. त्यानं वाटी उतरवली, फ्लोट हलवून पाहिला, पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा जेट ओठात धरून फुंकला. पेट्रोलनं जीभ चरचरली. कचरा नव्हता. मघाशीही नव्हता. तरी सगळं परत बसवून त्यानं हँडल मारलं.

इंजिन लागलं. पट्टा फिरला, धार पडली. करण खालून काहीतरी ओरडला, पाणी उतरत असावं. सूर्यभान श्वास धरून उभा राहिला. दोन मिनिटं. तीन. मग तोच खोकला, तेच गचके. बंद.

"छातीला लागलं!" पुष्पावतीचा आवाज फाटला. "तुमच्या ह्या भंगारापायी माझा माणूस जाईल, भावजी!"

सूर्यभान पुन्हा खाली वाकला. परत वाटी उतरवायला लागला. कार्बोरेटर सोडून दुसरं काही त्याला सुचतच नव्हतं. चालतंय, मरतंय, थोडं थांबलं की परत चालतंय, म्हणजे पेट्रोलच कमी पडतंय. दुसरं काय असणार?

तेवढ्यात विहिरीतून भीमाचा आवाज आला.

"दादा! कार्बोरेटर सोड! डायनॅमोची वायर बघ!"

सूर्यभाननं मान वर केली. बॅटरी भरतेय का ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा पाहायचं त्याला घाईत सुचलंच नव्हतं. तो डायनॅमोकडं वाकला. जाड वायर तिच्या जागेवर नव्हती. ती बाजूला वळवून पाठीमागं खोचलेली होती आणि तिच्या टोकाला लाल टेप गुंडाळलेली होती. नीट, तीन वेढे, शेवट आत दाबलेला. मोटरीच्या वायरींना भीमा लावतो तशी.

म्हणजे डायनॅमो बॅटरी भरतच नव्हता. दोन दिवस ट्रॅक्टर नुसती बॅटरी पीत होता. ठिणगी कमजोर पडत होती आणि इंजिन मरत होतं. पेट्रोलचा काही संबंध नव्हता.

वर्षभर भीमा म्हणत होता, हा डबा विक, नवा घेऊ. सूर्यभान ऐकत नव्हता. परवा मंगळवारी वाद एवढा पेटला की भीमा ताटावरून उठून गेला. मग आपोआप बंद पडू दे एकदाचा, असं मनाशी म्हणत त्यानंच वायर काढून ठेवली असणार.

सूर्यभानच्या हातात ती वायर होती. ती मुठीत आवळून त्यानं विहिरीकडं पाहिलं.

"गळ्याला आलं हो!"

त्यानं दातानं टेप ओरबाडली, वायर जागेवर घातली, नट आवळला. हँडल मारलं. नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा खांद्यातून कळ गेली. चौथ्यांदा इंजिन लागलं आणि मीटरचा काटा हलकेच उजवीकडं सरकला.

या वेळी ते थांबलं नाही.

अर्ध्या तासात दगड उघडा पडला. करणनं पहार घातली. भीमाला दोरानं वर घेतलं तेव्हा त्याचा घोटा फुटलेला होता आणि ओठ निळे पडले होते. संगमनेरला दवाखान्यात न्यायला जीप येऊन उभी राहिली. माणसं गोळा झाली. करण अंग पुसता पुसता थांबला.

"भीमा, तू तर पाण्यात हुतास. वायर सुटलीय ते तुला खाली बसून कसं कळलं रं?"

सगळे भीमाकडं बघायला लागले. पुष्पावतीसुद्धा. भीमानं भावाकडं पाहिलं.

सूर्यभाननं मुठीतली लाल टेप खिशात कोंबली.

"मीच सांगितली हुती त्याला काढून ठेवायला," तो म्हणाला. "परत जोडायचं मीच इसरलो. चूक माझी हाय."